व्लादोचा दाखला: एक फोटो, एक खोटी ओळ आणि ती खोडायला लागलेली ३७ वर्षं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी काका लिहितातच, "हा देश एकदा दोन वर्षं मिलिटरीच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील." खाली पाच-सहा अंगठे, दोन तिरंगे, झालं. आधी मी वाद घालायचो, आता नाही घालत. पण परवा त्याच ग्रुपवर एकाने विचारलं की ते ब्राझीलच्या पत्रकाराचं काय प्रकरण आहे, माणूस गेला १९७५ ला आणि २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च लष्करी कोर्टाच्या अध्यक्ष बाई भर चर्चमध्ये माफी मागतायत, मधली पन्नास वर्षं काय झोपा काढत होते का सगळे?

प्रश्न अगदी बरोबर आहे. मलाही तो पडला होता, त्या पत्रकारावरची डॉक्युमेंटरी बघितली तेव्हा. 'व्लादो, तीस वर्षांनंतर' अशा अर्थाचं नाव आहे तिचं, २००५ ची, दिग्दर्शक जोआओ बातिस्ता दे आंद्राद. हा दिग्दर्शक म्हणजे मेलेल्या माणसाचा मित्र, एकाच चॅनेलवर दोघांनी काम केलेलं. फिल्ममध्ये तसं फार काही घडत नाही, माणसं समोर बसतात आणि बोलतात, बायको, मित्र, त्याच्याबरोबर आत असलेले पत्रकार. पण बघून झाल्यावर डोक्यात भुंगा लागतो तो त्या माणसाच्या मरणापेक्षा जास्त त्या मरणाच्या कागदांचा. माझ्या मते हे सगळं प्रकरण कागदांचंच आहे, म्हणून तिथूनच समजावून सांगतो.

हा व्लादो कोण?

व्लादिमिर हर्झोग. जन्माचं नाव व्लादोच, पण ब्राझीलमध्ये ते फारच परदेशी वाटेल म्हणून बातम्यांखाली नाव द्यायला त्याने व्लादिमिर करून घेतलं. जन्म १९३७ चा, ओसियेक गावातला, तेव्हाचा युगोस्लाव्हिया, आताचा क्रोएशिया. ज्यू घर. नाझी आले तसे आई-बाप पोराला घेऊन इटलीत पळाले, तिथे लपूनछपून युद्ध काढलं आणि १९४६ ला ब्राझील गाठलं. म्हणजे हुकूमशाही म्हणजे काय हे या पोराला शाळेत जायच्या आधीच कळलेलं होतं.

पुढे साओ पाउलो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकला, पेपरात लागला, मग लंडनला बीबीसीच्या ब्राझीलसाठीच्या सेवेत तीनेक वर्षं, मग परत. स्वभावाने शांत, नाटक-सिनेमाचं प्रचंड वेड. १९६२-६३ मध्ये अर्ने सुक्सडॉर्फ नावाचा स्वीडिश डॉक्युमेंटरीवाला रिओला शिकवायला आला होता, त्याच्या वर्गाला हा गेला आणि कोपाकबानाच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या आधाराने कसंबसं जगणाऱ्या लोकांवर एक छोटी फिल्म केली. त्याला अजून करायच्या होत्या. ज्याला डॉक्युमेंटरी करायच्या होत्या त्याच्यावरच डॉक्युमेंटऱ्या निघाल्या, असलं काहीतरी नशीब.

१९७५ च्या सप्टेंबरात तो टीव्ही कुल्तुराच्या बातम्यांचा प्रमुख झाला. हे चॅनेल म्हणजे आपलं दूरदर्शन समजा, फक्त राज्य सरकारच्या पैशावर चालणारं. महिनाभरातच साओ पाउलोच्या विधानसभेत बोंब सुरू झाली की या चॅनेलवर डावे घुसलेत, काहीतरी करा. बोंब मारणाऱ्यांत जोझे मारिया मारिन नावाचे एक आमदार होते. फुटबॉलवाल्यांना नाव ओळखीचं वाटेल, हेच पुढे ब्राझीलच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले, २०१४ च्या वर्ल्ड कपचे यजमान, आणि नंतर फिफाच्या भ्रष्टाचारात अमेरिकेत शिक्षा झाली ते. त्या भाषणांनंतर सोळा दिवसांनी व्लादो मेलेला होता.

ब्राझीलमध्ये तेव्हा चाललं काय होतं?

हुकूमशाही म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक मिशीवाला, एक बाल्कनी आणि खाली गर्दी असं चित्र येतं. ब्राझीलचं तसं नव्हतं आणि म्हणूनच ते समजायला अवघड जातं. १९६४ मध्ये लष्कराने घटनेप्रमाणे आलेलं सरकार हाकललं आणि १९८५ पर्यंत, म्हणजे २१ वर्षं, एकामागून एक पाच जनरल राष्ट्राध्यक्ष झाले, बहुतेक वेळा मुदत संपली की पुढचा. संसद होती, कोर्टं होती, पेपर रोज निघत होते, दोन पक्षांना परवानगीसुद्धा होती, त्यातला एक अधिकृत विरोधी पक्ष! दुकानाचं शटर वर, पाटी चकचकीत, आत फळ्या रिकाम्या.

रिकाम्या कधी झाल्या तर १३ डिसेंबर १९६८ ला. त्या दिवशी 'संस्थात्मक कायदा क्रमांक ५' आला, संसद काही महिने बंद केली आणि राजकीय गुन्ह्यांसाठी हेबियस कॉर्पस काढून घेतला. हेबियस कॉर्पस हा शब्द घाबरवतो, पण त्याचा अर्थ एवढाच की माझा माणूस तुम्ही उचललाय ना, मग त्याला कोर्टासमोर आणून उभा करा. हा एक अर्ज करता येत नसेल तर उचललेला माणूस कायद्याच्या नजरेत कुठेच नसतो. घरचे पोलिस स्टेशनला जातात तर ते म्हणतात आमच्याकडे नाही, छावणीवर जातात तर तिथला शिपाई म्हणतो नाव ऐकलं नाही.

आणि माणसं ठेवायची जागा म्हणजे डोई-कोडी. हे लष्कराच्या दोन खात्यांच्या लांबलचक नावांची आद्याक्षरं जोडून झालेलं नाव आहे, ती नावं लक्षात ठेवायची गरज नाही. समजा तुमच्या शहरात मिलिटरी, पोलिस, गुप्तचर अशा सगळ्यांतून माणसं उचलून एक शाखा काढली, तिला गणवेश नाही, दारावर पाटी नाही, काम एकच, माणूस आणायचा आणि त्याच्याकडून नावं काढायची. तिचा साओ पाउलोतला आधीचा अवतार तर उद्योगपतींच्या वर्गणीवर चालायचा, गणपतीला गोळा करतो तशी वर्गणी. जागा होती तुतोया रस्त्यावरच्या पोलिस ठाण्याच्या मागे, चांगल्या वस्तीत, आणि त्या भागाचं नाव पाराइझो. पोर्तुगीजमध्ये पाराइझो म्हणजे स्वर्ग. (ही भाषा आपल्याला अगदी परकी नाही हं, चावी, पगार, बटाटा हे शब्द आपण तिच्याकडूनच घेतलेत.)

हे चालू होतं तेव्हा आपल्याकडे काय होतं? १९७५ च्या जूनपासून आणीबाणी. व्लादो गेला त्यानंतर दीडेक महिन्यांनी कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत व्यासपीठावरून बोलल्या, पुढे त्यांना तुरुंगात टाकलं. आपल्याकडे मिलिटरी नव्हती, १९७७ ला निवडणूक झाली आणि सरकार पडलं, त्यामुळे ते दोन वर्षांवर आटोपलं. दोन्ही एकच होतं असं मी म्हणत नाहीये. पण "पेपरात काहीच येत नाही, तरी सगळ्यांना माहीत असतं" ही अवस्था काय असते हे आपल्याकडच्या सत्तरी ओलांडलेल्यांना विचारा, ते सांगतील.

पण मग १९७५ मध्येच का?

याचं कोडं मला बराच वेळ सुटत नव्हतं, कारण १९७४ ला आलेले राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो गायझेल हे "हळूहळू सैल सोडू" म्हणणारे होते. हत्यारं घेतलेले गट तोवर संपवून झाले होते. मग हा चाळीशीच्या आतला टीव्ही संपादक कशाला?

बिल्डिंग उभी राहिली तरी साइट न सोडणारा कॉन्ट्रॅक्टर बघितलाय? त्याची माणसं आहेत, मिक्सर आहे, रोजंदारी चालू आहे, काम संपलं म्हणाला तर सगळं गुंडाळावं लागेल. मग तो कुठेतरी ओल दाखवतो, कुठेतरी भेग दाखवतो. डोई-कोडीचं तेच झालं. बंदूकवाले संपले तर आता ब्राझिलियन कम्युनिस्ट पक्षाकडे मोर्चा वळवला, ज्यांनी उलट हत्यार उचलायला विरोध केला होता. पक्ष बेकायदा होता, पत्रकारांत त्याचे हितचिंतक होते, व्लादोचाही संबंध होता. सप्टेंबर-ऑक्टोबरात एकेक पत्रकार उचलायला सुरुवात झाली. लष्करातल्या जहाल गटाला गायझेलना दाखवायचं होतं की बघा, धोका अजून आहे, सैल सोडू नका.

(आणि गायझेल म्हणजे बिचारे सज्जन असंही नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सीआयएचा १९७४ चा एक जुना कागद बाहेर आला, त्यात म्हटलंय की "धोकादायक" माणसांना संपवायचं धोरण चालू ठेवायला त्यांनीच होकार दिला होता.)

तो शनिवार

२४ ऑक्टोबर, शुक्रवार, रात्री डोई-कोडीची माणसं चॅनेलच्या ऑफिसात आली. बातम्या चालू होत्या. सहकाऱ्यांनी मध्ये पडून सांगितलं की हा गेला तर बुलेटिन बंद पडेल, तो सकाळी स्वतः येईल. तयार झाले. इथे थांबून विचार करा, त्या रात्री तो पळू शकला असता. नाही पळाला. २५ तारखेला शनिवारी सकाळी आठच्या सुमारास स्वतःच्या पायाने तुतोया रस्त्यावर गेला.

आत आधीपासून असलेल्या पत्रकारांपैकी रोडोल्फो कोंडेर आणि जॉर्ज दुके एस्त्रादा या दोघांना त्याच्यासमोर आणलं गेलं, मग बाहेरच्या बाकावर बसवलं. तिथून त्यांना त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. मध्येच कोणीतरी रेडिओ मोठा केला. मग ओरडण्याचा आवाज बदलला, तोंडात काहीतरी कोंबल्यासारखा, मग बंद झाला.

मग लष्कराने सांगितलं, हर्झोगने आत्महत्या केली. वय ३८. घरी बायको क्लारिसे आणि दोन लहान मुलं.

आता फोटो नीट बघा

पुरावा म्हणून लष्कराने फोटो काढून ठेवला, आणि त्याच फोटोने त्यांचा घात केला. काढणारा पोलिसांच्या फोटोग्राफीच्या कोर्समधला विशीतला शिकाऊ मुलगा होता, त्याला कशासाठी नेतायत हेही सांगितलं नव्हतं. फोटोत खिडकीला आडवे गज आहेत, गजाला कापडाची पट्टी बांधलेली, पट्टी गळ्यात. खिडकी पुरुषभर उंचीवरसुद्धा नाही. त्यामुळे पाय जमिनीवर, नुसते टेकलेले नाहीत, गुडघे दुमडलेले, म्हणजे माणूस उठून उभा राहिला असता तर सुटला असता. शेजारी शाळेत असते तशी लिहायची फळी लावलेली खुर्ची, आणि खाली फाडलेल्या कागदाचे तुकडे. तो कागद म्हणजे त्याच्याकडून लिहून घेतलेला कबुलीजबाब.

इथे ग्रुपवरचे एक डॉक्टर लगेच म्हणाले, "पाय टेकलेले असताना पण फास लागू शकतो, त्याला अर्धवट फास म्हणतात, पुस्तकात आहे." बरोबर आहे त्यांचं. म्हणून नुसते पाय टेकले होते यावर सगळं उभं करू नये, बरेच जण तेच करतात. बाकीचं बघा. लष्कर म्हणालं, कैद्याच्या कपड्याच्या पट्ट्याने फास घेतला. आत राहून आलेल्यांनी सांगितलं की आम्हाला घालायला देत होते त्या कपड्याला पट्टाच नव्हता. बूट असले तर त्यांच्या नाड्यासुद्धा काढून घ्यायचे. मग पोस्टमॉर्टेमवर दुसरी सही करणारे डॉक्टर हॅरी शिबाता, त्यांनी पुढे कबूल केलं की प्रेत न बघताच सही केली. प्रेत न बघता पोस्टमॉर्टेम! आपल्याकडे शेत न बघता पीकपाहणी लिहितात तसं. आणि २०१४ मध्ये, हुकूमशाहीतल्या गुन्ह्यांचा तपास करायला सरकारने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाच्या तज्ज्ञांनी जुने फोटो आणि अहवाल तपासून सांगितलं की मानेवर दोन वेगवेगळ्या खुणा दिसतात, एक टांगल्याची आणि दुसरी गळा आवळल्याची. म्हणजे आधी आवळला, मग टांगला.

प्रेताला अंघोळ घालणाऱ्यांनी बघितलं

ज्यू लोकांत प्रेताला अंघोळ घालून, कापड गुंडाळून तयार करणारी माणसं असतात. आणि त्यांच्यात रीत अशी की आत्महत्या केलेल्याला कब्रस्तानात बाजूला, भिंतीच्या कडेला पुरायचं. आता लष्कराचा दाखला म्हणतोय आत्महत्या. अंघोळ घालणाऱ्यांनी अंगावरच्या खुणा बघितल्या आणि वर कळवलं. हेन्री सोबेल नावाचा तरुण रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्याने ठरवलं की याला मध्यभागी पुरायचं, बाकीच्यांसारखं.

कोणी घोषणा दिली नाही, पत्रक काढलं नाही, फक्त खड्डा कुठे खणायचा एवढंच ठरवलं. पण कब्रस्तानात आलेल्या प्रत्येकाला कळलं की सरकारचा कागद खोटा आहे. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला सगळ्यात धाडसी निर्णय हाच.

त्यानंतर ३१ ऑक्टोबरला साओ पाउलोच्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थना ठेवली. कार्डिनल पाउलो एव्हारिस्तो आर्न्स हे कॅथलिक, सोबेल ज्यू, जाइमे राइट प्रॉटेस्टंट, तिघं एका वेदीवर. पोलिसांनी शहरभर नाकाबंद्या लावल्या, गाड्या अडकवल्या, तरी आठेक हजार लोक पोचले. काही बोलले नाहीत, प्रार्थना केली आणि शांतपणे घरी गेले. १९६८ नंतर इतके लोक उघडपणे सरकारविरुद्ध एकत्र आल्याचं हे पहिलंच मोठं उदाहरण मानतात.

बोलता येत नाही तेव्हा लोक काय काय करतात बघा. सिल्दो मेइरेलिस नावाच्या चित्रकाराने नोटांवर शिक्का मारायला सुरुवात केली, 'हर्झोगला कोणी मारलं?', आणि त्या नोटा बाजारात सोडल्या. पत्रक माणूस फेकून देतो, भिंत पोलिस रंगवून टाकतात, पण नोट कोण फेकणार? आपल्याकडे सोनम गुप्ताची नोट देशभर फिरली ना, तीच आयडिया, फक्त इथे सापडला असता तर तुतोया रस्ता.

कोर्टाने सांगितलं, तरी शिक्षा का नाही?

आता गुंतागुंतीचा भाग. लष्कराने स्वतःच स्वतःची चौकशी केली आणि अर्थातच आत्महत्या असाच निकाल दिला. हजारावर पत्रकारांनी, नेमके १००४, सह्या करून विचारलं की चौकशीतल्या या या गोष्टी जुळत कशा नाहीत. दरम्यान १९७६ च्या जानेवारीत त्याच जागी मानोएल फिएल फिल्यो नावाचा कारखान्यातला कामगार मेला, पुन्हा "आत्महत्या". आता मात्र गायझेलनी साओ पाउलोच्या लष्करी प्रमुखाला हटवलं.

क्लारिसे कोर्टात गेली. तिची मागणी ऐका, पैसे नकोत, कोणाला फाशी नको, फक्त कोर्टाने जाहीर करावं की नवऱ्याच्या मरणाला सरकार जबाबदार आहे. पहिले न्यायाधीश निवृत्तीला टेकलेले, ते निकाल वाचणार तेवढ्यात वरून मनाई आली. सरकारला वाटलं, नंतरचा नवखा घाबरेल. तो नवखा म्हणजे मार्सियो जोझे दे मोराएस, तिशीतला. २७ ऑक्टोबर १९७८ ला त्याने निकाल दिला, सरकार जबाबदार. तेव्हा तो क्रमांक ५ वाला कायदा अजून लागू होता, त्याला घरी बसवणं सरकारला दोन मिनिटांचं काम होतं.

मग शिक्षा? हा निकाल दिवाणी होता, फौजदारी नाही. आणि फौजदारीचं दार पुढच्याच वर्षी बंद झालं, माफीच्या कायद्याने, ऑगस्ट १९७९. या कायद्याने तुरुंगातले आणि देशाबाहेर पळालेले विरोधक सुटले, लोक विमानतळावर हार घेऊन गेले, आनंदीआनंद. पण कायद्यात एक शब्द होता, राजकीय गुन्हे "आणि त्यांच्याशी संबंधित" गुन्हे. या "संबंधित"मध्ये छळ करणारेही बसवले. मारामारीत दोघांना सोडून देतात ना ठाण्यात, "जा, दोघंही घरी जा", तसं, फक्त इथे एकाच्या हातात दांडका होता आणि दुसरा खुर्चीला बांधलेला होता.

त्यानंतर जितक्या वेळा दार ठोठावलं तितक्या वेळा याच कुलपाकडे बोट दाखवलं गेलं. १९९२ मध्ये एका माजी अधिकाऱ्याने मासिकाला मुलाखत देऊन सांगितलं की हर्झोगची चौकशी मीच केली, तपास उघडला, माफीच्या कायद्यामुळे बंद. २००८ मध्ये पुन्हा प्रयत्न, यावेळी वर "आता मुदत गेली". सुप्रीम कोर्टातच कायद्याला आव्हान दिलं, तर २०१० मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी कायदा टिकला. शेवटी हे घर सोडून बाहेर, आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात. २०१८ मध्ये त्यांनी सांगितलं की हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे, म्हणजे एकट्यादुकट्यावरचा हल्ला नाही, सरकारी यंत्रणेने ठरवून नागरिकांवर चालवलेल्या हिंसेचा भाग आहे, आणि असल्या गुन्ह्याला मुदतही नसते आणि माफीही चालत नाही. तरी आजपर्यंत त्या खोलीत कोण होतं म्हणून कोणालाही शिक्षा झालेली नाही.

दाखल्यासाठी एवढं कशाला?

आपल्या लोकांना हे समजवायला सोपं आहे. सातबाऱ्यावर चुकीचं नाव चढलं की काय होतं? जमीन तुमची, नांगर तुमचा, गावाला माहीत, तलाठ्याला माहीत, पण उताऱ्यावर ज्याचं नाव तोच मालक. ती एक ओळ बदलायला आजोबा जातात, बाप जातो, नातू जातो. व्लादोच्या मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं होतं, फासामुळे श्वास कोंडून मृत्यू. बँक, शाळा, पासपोर्ट, जिथे जिथे हा कागद द्यायचा तिथे तिथे त्याच्या घरच्यांना आपल्याच हाताने लष्कराची थाप पुढे करावी लागत होती.

२०१२ मध्ये सत्यशोधन आयोगाने मागणी केली, न्यायाधीशांनी हुकूम दिला आणि मार्च २०१३ मध्ये क्लारिसेच्या हातात नवा दाखला आला. त्यावर आता आहे की मृत्यू लष्कराच्या दुसऱ्या विभागाच्या जागेत, डोई-कोडीत, झालेल्या मारहाणीमुळे आणि छळामुळे. ३७ वर्षांनी फेरफार मंजूर.

तो एकटा नाही. त्याच आयोगाने ४३४ जण मारले गेले किंवा बेपत्ता झाले असं नोंदवलं. बेपत्तावाल्यांचं तर अजून वाईट, दाखलाच नाही, म्हणजे बायको विधवाही नाही आणि सवाष्णही नाही, खातं निघत नाही, घर विकता येत नाही. मार्च २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला ब्राझीलचा सिनेमा अशाच एका बाईचा, तिला नवऱ्याचा दाखला १९९६ ला मिळाला, तो १९७१ ला गेलेला. डिसेंबर २०२४ पासून मात्र तिथे नियमच झालाय की अशा सगळ्यांच्या दाखल्यावर लिहायचं, अनैसर्गिक, हिंसक, सरकारने घडवलेला मृत्यू.

"पण तो कम्युनिस्ट होता ना?"

ग्रुपवर हे येणारच होतं, आलं. होता, संबंध होता, कोण नाकारतंय. पण या प्रश्नात एक गंमत आहे, तो विचारणाऱ्याला वाटतं की यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बेकायदा पक्षाशी संबंध असेल तर खटला भरा, त्यांच्याकडे तर लष्करी कोर्टंसुद्धा होती, सगळा साज होता. ज्याच्याकडे कोर्ट स्वतःचं, वकील स्वतःचा, कायदा स्वतःचा, त्याला गळा कशाला आवळावा लागतो?

"तेव्हा प्रगती तर झाली"

झाली. १९६८ ते ७३ ब्राझीलची अर्थव्यवस्था वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास वाढत होती, पूल, धरणं, रस्ते, सगळं. मग तेलाचे भाव भडकले आणि कर्जाचा डोंगर उरला, लष्कर १९८५ ला गेलं तेव्हा महागाई वर्षाला शेकडो टक्के होती. आणि तोवर दर टप्प्यावर हे चुकतंय असं छापायची सोय नव्हती. आमच्या काकांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "पण शिस्त होती." असो.

"डॉक्युमेंटरी एकतर्फीच असणार"

ही शंका मला आवडली, कारण दिग्दर्शक मित्र, बोलणारे मित्र, मग खरं कशावरून? उत्तर असं की ही फिल्म पुराव्याचं काम करत नाही, ते कोर्टाने १९७८ लाच केलंय. ती कागदावर मावत नाही ते ठेवते. बाकावर बसलेल्या माणसाला रेडिओ मोठा केल्याचं आठवतं, आवाज बदलल्याचं आठवतं, हे कुठल्या फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहिणार? शिवाय ते बोलणारे आता म्हातारे झाले, बरेच गेले. आर्न्स गेले, सोबेल गेले, कोंडेर गेले. २००५ ला कॅमेरा लावला नसता तर तेवढंही नाही.

आणि एक उलटी गोष्टही सांगतो. त्या राजवटीविरुद्धचा सगळ्यात मोठा साक्षीदार तिचीच कपाटं निघाली. लष्करी कोर्टात कैदी सांगायचे की माझा छळ झाला, कारकून इमानेइतबारे टाइप करायचा, फाइल कपाटात. आर्न्स आणि राइट यांच्या मदतीने वकिलांनी त्या फाइली थोड्या वेळासाठी बाहेर काढायच्या, झेरॉक्स काढायची आणि परत नेऊन ठेवायच्या, असं कित्येक वर्षं गुपचूप केलं. सुमारे दहा लाख पानं! १९८५ मध्ये त्याचं पुस्तक निघालं तेव्हा लष्कराला कळलं. म्हणजे फिल्म एकतर्फी वाटत असेल तर हे वाचा, हे त्यांच्याच टाइपरायटरवरचं आहे.

"आता उकरून काय मिळणार?"

२०१६ मध्ये ब्राझीलच्या संसदेत जाइर बोल्सोनारो नावाच्या खासदाराने राष्ट्राध्यक्षांना हटवायच्या मतदानात आपलं मत एका कर्नलला अर्पण केलं. तो कर्नल म्हणजे उस्त्रा, साओ पाउलोच्या याच डोई-कोडीचा १९७० ते ७४ चा प्रमुख, ज्याला कोर्टाने छळ करणारा म्हणून जाहीर केलेलं. दोन वर्षांनी तो खासदार राष्ट्राध्यक्ष झाला. निवडणूक हरल्यावर लष्कराला हाताशी धरून सत्ता ठेवायचा कट केला म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला २७ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा झाली, बरोबर जनरलही आत गेले. ब्राझीलमध्ये उठावाच्या गुन्ह्यासाठी जनरलला शिक्षा व्हायची ही पहिलीच वेळ. १९६४ वाल्यांना एक दिवसाचीही झाली नव्हती.

त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला पन्नास वर्षं पूर्ण झाली. पुन्हा तेच कॅथेड्रल, पुन्हा सगळ्या धर्मांची प्रार्थना, आणि तिथे लष्करी कोर्टाच्या अध्यक्ष मारिया एलिझाबेथ रोशा यांनी माफी मागितली, ग्रुपवर जिच्याबद्दल विचारलं होतं ती हीच.

आणि उकरायचंच म्हणाल तर अक्षरशः उकरतायत. तुतोया रस्त्यावरच्या त्या आवारात २०२३ मध्ये विद्यापीठांचे पुरातत्त्ववाले कुदळी-ब्रश घेऊन आले, जमीन खणली, भिंतींवरचे रंगाचे थर एकेक करून खरवडले, खाली कोणी काही कोरून ठेवलंय का ते बघायला. हडप्पासारखं, फक्त पन्नास वर्षं जुनं. समोरच्या बाजूचं पोलिस ठाणं अजून तिथेच आहे, चालू.